थर्ड शिफ्टचा चहा

मोठ्या कंपन्यांना कॅन्टीन असतं. चाकण एमआयडीसीत महाळुंग्याच्या बाजूला छोट्या वेंडरांच्या गल्ल्या आहेत, तिथे टपरी हेच कॅन्टीन. रात्री तीनला मी तिथे उभा होतो. पातेल्यात आलं पडलं, चहा वर येऊन खाली बसला, तोवर सेफ्टी शूज घातलेली लातूर-बीडकडची पोरं ब्रेकला आलीच. "कडक टाका मावशी, तीननंतर डोळाच उघडा राहत नाही." एकाने लागोपाठ दोन कटिंग रिचवले, दुसऱ्याने चहासोबत सिगारेट पेटवली.

डोळा मिटतो त्यामागे ॲडेनोसिन नावाचं रसायन आहे. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जेसाठी एटीपी मोडतात, त्यातून ते पेशींभोवती साचत जातं. पेशीच्या पृष्ठभागावर ए-वन नावाचे रिसेप्टर असतात. त्यांवर ॲडेनोसिन बसलं की आतलं जी-प्रोटीन कामाला लागतं, सायक्लिक एएमपी घटतं, पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमच्या आवळतात. मग पुढच्या पेशीला चेतवणारं ग्लुटामेट कमी सुटतं. असंख्य पेशींत हे एकदम झालं की अख्खं जाळं मंदावतं. ए-टू-ए नावाचे दुसरे रिसेप्टर याउलट झोपेकडे नेणाऱ्या पेशींना चेतवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे रिसेप्टर काढून टाकले, तेव्हा कॅफिनने त्यांची झोप उडालीच नाही!

कॅफिनचा रेणू ॲडेनोसिनशी मिळताजुळता. तो रिसेप्टरवर बसतो, पण आतलं काहीच हलवत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी, तसा. ॲडेनोसिन बाहेर ताटकळतं आणि साचतच राहतं. त्यामुळे 'चहाने तरतरी येते' हे मला अर्धंच खरं वाटतं. थकवा तिथेच असतो, फक्त त्याचा निरोप आत पोचत नाही.

निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. म्हणजे पहाटे चारला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन सकाळी नऊला, रूमवर पडदे ओढून आडवं झाल्यावरही, अंगात असतं. सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत ते लवकर निकाली काढतं. (ही सिगारेटची शिफारस नव्हे.)

साचलेलं ॲडेनोसिन उतरवायला झोपेशिवाय इलाज नाही. तेव्हा शिफ्ट लावणाऱ्या सुपरवायझरांना एवढीच विनंती: चहाचा ब्रेक शक्य तितका अलीकडे, एक-दोनच्या सुमाराला घ्या, आणि चारच्या सुमाराला वीस मिनिटं पाठ टेकायला पोरांना जागा द्या.