एका मिथिल गटाची जागा

तुळस, ताम्हण आणि सालई. या तिन्ही झाडांतली आम्ले वेगळी करू पाहणाऱ्याची गाठ एकाच कोड्याशी पडते. तुळशीत उर्सोलिक आणि ओलिॲनोलिक आम्ले सोबतीने असतात. ताम्हणाच्या, म्हणजे आपल्या राज्यफुलाच्या झाडाच्या पानांत कोरोसोलिक आणि मॅस्लिनिक. सातपुड्यात, मेळघाटात वाढणाऱ्या सालईच्या डिंकात बीटा आणि अल्फा बोस्वेलिक. ही सगळी ट्रायटर्पीन आम्ले. 30 कार्बन, पाच वलये. प्रत्येक जोडीतल्या दोघांचे रेणुसूत्र एकच. फरक पाचव्या वलयातल्या एका मिथिल गटाचा: एका रेणूत दोन्ही मिथिल विसाव्या कार्बनवर, दुसऱ्यात त्यांतला एक एकोणिसाव्यावर.

मिश्रणे फोडण्याची क्रोमॅटोग्राफी ही पद्धत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतने 1903 साली वॉर्सात मांडली, ती पानांतल्या रंगद्रव्यांसाठी. पुढे खडूची भुकटी भरलेल्या नळीत त्याला हिरवे-पिवळे पट्टे डोळ्यांनी दिसत. आपली आम्ले रंगहीन, त्यामुळे सिलिकाच्या पातळ थरावर ॲनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल फवारून, तापवून ती दिसती करावी लागतात. तरी जोडी फुटत नाही. सिलिका रेणूला धरते ते त्याच्या ध्रुवीय गटांवरून, आणि ते दोघांतही सारखेच. त्यामुळे दोघांचा मिळून एकच ठिपका उमटतो.

खरी फोड होते ती अठरा कार्बनांच्या साखळ्या चिकटवलेल्या स्तंभात, उच्च दाबाखाली. तिथे रेणूची ठेवण कामाला येते: ओलिॲनोलिक आधी बाहेर पडते, उर्सोलिक किंचित मागून. द्रावकात थोडे आम्ल हवेच, नाहीतर कार्बोक्सिल गटाचे आयनीभवन होऊन शिखरे पसरतात. पण द्रावक निवडताना कसोटी लागते. जोडी फोडायला पुष्कळदा मिथेनॉल सरस ठरते. मात्र अतिनील शोधकात ते 205 नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषते, आणि ही आम्ले जेमतेम 210 लाच दिसतात. ॲसिटोनायट्राइल तिथे पारदर्शक, पण जोडीबाबत तेवढे तीक्ष्ण नाही. फॉर्मिक आम्ल 210 ला आडवे येते म्हणून फॉस्फरिक घ्यावे, तर ते बाष्पशील नसल्याने वस्तुमान वर्णपटमापीला चालत नाही. त्या महागड्या यंत्राकडूनही इथे फार मोठी आशा धरू नये. उर्सोलिक, ओलिॲनोलिक आणि बर्चच्या सालीतले बेट्युलिनिक, तिघांचाही ऋण आयन 455 वरच उमटतो. निवाडा स्तंभातच व्हावा लागतो. द्रावकात सायक्लोडेक्स्ट्रिन मिसळून हा निवाडा सुधारता येतो. मला ती युक्ती फार मोलाची वाटते.

सालईत एक सुदैवी अपवाद आहे. अकराव्या कार्बनवर कीटो गट असलेली बोस्वेलिक आम्ले, त्यांतले ॲसिटिल-कीटो-बीटा-बोस्वेलिक विशेष गाजलेले, 250 नॅनोमीटरला स्पष्ट दिसतात. बाकीची 210 लाच शोधावी लागतात.

सांधेदुखीवरच्या सालई अर्काच्या डबीवर ‘बोस्वेलिक आम्ले 65 टक्के’ असा आकडा अनेकदा छापलेला असतो. तो बहुधा अनुमापनाचा असतो, आणि अनुमापन राळेतले प्रत्येक आम्ल मोजते, मग ते कोणतेही असो. स्तंभातून निघालेला आकडा प्रत्येक आम्लाचा स्वतंत्र हिशेब देतो आणि बेरीज पुष्कळदा कमी भरते. दोन्ही आकडे एकाच तराजूत घालणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे. म्हणून अशी डबी हातात आली, तर टक्केवारी वाचून थांबू नका. ती कोणत्या पद्धतीने मोजली, हे उत्पादकाला जरूर विचारा.