आर्थिक नियोजनाच्या परिभाषेतील 'अर्थ'

'खर्च १०० रुपये झाला', 'व्हावा', 'होईल', 'झाला असता तर' या चार विधानांतील भेद क्रियापदाच्या रूपावरून कळतो. आकड्याला असे रूप नसते. आर्थिक नियोजनाच्या संगणकप्रणालींत ही उणीव परिभाषेला भरून काढावी लागते. ओरॅकलच्या हायपेरियन प्लॅनिंग या प्रणालीत त्यासाठी 'सिनारिओ' नावाची स्वतंत्र मिती असते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर तीतील 'अ‍ॅक्चुअल' म्हणजे प्रत्यक्ष जमाखर्च हा स्वार्थ होय. 'बजेट' हा विध्यर्थ. एकदा मंजूर झाल्यावर तो सहसा बदलत नाहीत. 'फोरकास्ट' हा भविष्यकाळ. नवी माहिती हाती येताच तो सुधारावयाचा असतो. गृहीते बदलून परिणाम पाहण्यासाठी मांडलेला पर्याय हा संकेतार्थ.

मराठीत 'बजेट'साठी 'अंदाजपत्रक' आणि 'अर्थसंकल्प' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिल्यात अटकळ आहे, दुसऱ्यात निश्चय. ही निवड केवळ रुचीची नव्हे. समजा, खर्चाची मंजूर मर्यादा १०० रुपये होती, वर्षाच्या मध्यास सुधारलेला अंदाज १२० झाला आणि प्रत्यक्ष खर्चही १२० झाला. संकल्पाशी तुलना केल्यास तफावत २० येते. अंदाजाशी केल्यास शून्य. 'अंदाजपत्रक' या शब्दाने दोन्ही संकल्पना एकत्र झाल्या, तर वाढीव खर्चाचा जाब कोणासच विचारता येणार नाही. म्हणून या क्षेत्रात 'बजेट'ला 'अर्थसंकल्प' व 'फोरकास्ट'ला 'अंदाज' हीच योजना इष्ट वाटते.