अपूर्ण देवालयातले देव

चंद्रपूरच्या लालपेठेत देव उघड्यावर आहेत. गणपती, मारुती, नंदी, आणि सगळ्यांत मोठी दहा तोंडांची दुर्गा: सुमारे 25 फूट लांब, तीही आडवी. गोंड राजवटीत रायप्पा कोमटी या व्यापाऱ्याने शिवाच्या देवळासाठी हे देव घडवून घेतले, तो वारला आणि देऊळ राहून गेले, असे परंपरा सांगते. 1869 साली ब्रिटिश अधिकारी लूसी स्मिथने चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, महसुली अहवाल लिहिला, 1873-74 मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम याच भागातल्या मार्कंड्याची देवळे पाहून गेला. तेव्हापासून इथल्या दगडांकडे मोजपट्टी घेऊन पाहायची सवय लागली. लालपेठेलाही ‘अपूर्ण देवालय’ हे नाव चिकटले. माझ्या मते अपूर्ण राहिले ते देऊळ, देव नव्हेत.

यावर शास्त्राचा आक्षेप ठरलेला: प्राणप्रतिष्ठा झाली नाही, तर दगड तो दगडच. गंमत अशी, की नेमका हाच आक्षेप बाराशे वर्षांपूर्वी ग्रीक ख्रिस्ती जगात आयकॉनवर घेतला गेला. लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि सोन्याचा वर्ख देऊन रंगवलेल्या येशू-मरियमच्या प्रतिमा, म्हणजे आयकॉन. त्यांच्यावर कोणतीही पावन करणारी प्रार्थना म्हटलेली नसते, मग त्या पवित्र कशा, असे 754 च्या प्रतिमाविरोधी परिषदेने विचारले. 787 साली निकाया इथल्या परिषदेने उत्तर दिले: नाव आणि रूप पुरेसे आहे, मान चित्राला नव्हे, चित्रातल्याला पोचतो. आयकॉनवर नाव लिहिण्याला म्हणूनच एवढे महत्त्व. तिथेही वाद लगेच मिटला नाही. प्रतिमा कायमच्या परतल्या त्या 843 मध्ये.

परक्या धर्माचा दाखला इथे कशाला, असे कोणी म्हणेल. मग घरचा घ्या. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला आपण कधी नाक-डोळे मागितले? गोंडांच्या पर्सापेन या कुळदैवताला तर मानवी रूपच लागत नाही. चवरी आणि भाल्याचे लोखंडी पाते हीच त्याची खूण, आणि ती कोणत्या कुळाची हे कुळाला ठाऊक असते. नावाने ओळखणारी माणसे असली की काम भागते. लालपेठेत तर नावासोबत रूपही आहे. भक्त या देवांना कुंकू-तेल लावतात; जतनाच्या दृष्टीने ते दगडाला घातक, हे मात्र मान्य करावे लागते. मेणबत्त्यांच्या धुराने आयकॉनही काळवंडतात, आणि भक्त त्यांच्यावर चांदीचा पत्रा चढवतात. मग उघडे राहतात फक्त चेहरा आणि हात.