एकोणिसाव्या अक्षांशावरचा फेस

परभणीजवळचं आमचं झरी आणि जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात, विषुववृत्ताच्या उत्तरेला 19 अंशांच्या पुढेमागे. आमच्याकडं कापूस, सोयाबीन, रब्बीची ज्वारी, तिकडं द्राक्षबागा. त्याच नारायणगावात 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळती वाइन करायला घेतली. पायपर-हायडसिक या फ्रेंच घराण्याचं तांत्रिक साहाय्य मिळवलं. ती वाइन देशात ‘मार्कीझ द पॉम्पादूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावानं गेली. आपल्याकडं वाइनची चर्चा दारू हवी की नको इथंच अडकते. तिच्यामागची शेती आणि कारागिरी कुणी समजावून सांगत नाही, याची मला खंत वाटते.

शॅम्पेन हा पॅरिसच्या ईशान्येचा प्रांत, 49 अंश उत्तरेला. खडूसारखी चुनखडीची जमीन आणि इतकी थंडी, की द्राक्ष जेमतेम पिकतं. शार्डोने, पिनो न्वार आणि मनिए या तीन जाती तिथं मुख्य. चार हजार किलो द्राक्षांतून फक्त 2,550 लिटर रस घ्यायचा, असा तिथला नियम आहे. या रसाची आधी साधी, आंबट वाइन होते. निरनिराळ्या बागांच्या वाइन एकमेकींत मिसळतात आणि मग खरा खेळ सुरू होतो. बाटलीत लिटरमागं सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण ठोकतात. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब हवेच्या दाबाच्या सहापटीपर्यंत जातो. पूर्वी तळघरात बाटल्या फुटत, तेव्हा कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरत.

काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं, आणि ते तसंच राहू देण्यात पद्धतीचं मर्म आहे. त्याच्या सहवासात वाइनला भाजलेल्या पावासारखा वास आणि मऊपणा येतो. शॅम्पेनमध्ये साध्या बाटलीलाही किमान 15 महिने थांबावं लागतं, एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. पुढं बाटल्यांची तोंडं खाली झुकवत, रोज थोडं फिरवत गाळ मानेत आणतात. ही युक्ती 1816च्या सुमारास विधवा क्लिको यांच्या तळघरात निघाली, असं मानतात. 27व्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाईंनी नवऱ्याचा व्यवसाय नुसता सांभाळला नाही, वाढवला. शेवटी मान गोठवतात, झाकण उघडताच गोठलेला गाळ दाबानं बाहेर उडतो. कमी झालेली वाइन भरताना चवीपुरती साखर घालतात. लिटरमागं 12 ग्रॅमपेक्षा कमी साखरेची ती ‘ब्रूत’.

शॅम्पेनचा शोध डॉम पेरिन्यों या साधूनं लावला, ही कथा गोड असली तरी खरी नाही. ते 1668 ते 1715 ओव्हिलेरच्या मठात होते आणि बुडबुडे टाळण्याचीच धडपड करत होते. लंडनमध्ये ख्रिस्तोफर मेरेट यांनी 1662मध्येच वाइनला साखर घालून फेस आणण्याची रीत नोंदवली होती.

आता आपल्याकडं. शॅम्पेनची अडचण द्राक्ष जेमतेम पिकतं ही, आपली ते फार लवकर पिकतं ही. फेसाळत्या वाइनला साखर कमी आणि आंबटपणा भरपूर लागतो. उन्हाचा आंबटपणाशी उभा दावा. इथं आपल्या बागायतदारांचं जुनं कसब उपयोगी पडलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, म्हणजे घड हिवाळ्यात तयार होतात. दिवसा ऊन, रात्री गारवा. खाण्याच्या द्राक्षांत साखर उतरेपर्यंत थांबतात, इथं ती उतरण्याआधीच तोडणी करावी लागते. पद्धत उसनी आणली खरी, पण हे वेळापत्रक आपलं आहे. माझ्या मते महाराष्ट्राचा या विषयातला खरा वाटा हाच. नाशिकमध्ये शार्डोनेच्या जोडीला शेनिन ब्लाँ आली, कारण ती उष्णतेतही आंबटपणा टिकवते. फ्रेंच मोएट हेनेसी समूहाची शांदों 2013मध्ये दिंडोरीची फेसाळती वाइन घेऊन बाजारात आली. अकलूजच्या फ्रातेल्लीनंही हा मार्ग धरला. या बाटल्यांवर ‘शॅम्पेन’ लिहिता येत नाही, ते नाव त्या प्रांताचं. ‘पारंपरिक पद्धत’ लिहिलेलं असेल तर वर सांगितलेले सगळे कष्ट त्यात आहेत. स्वस्त वाइनमध्ये साखर-यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवण्याचं काम बहुधा बाटलीऐवजी मोठ्या टाकीत होतं.

पैशाची बाजू मात्र कठीण. माल महिनोन्महिने तळघरात पडून, व्याज चालू. 2001च्या राज्य धोरणानंतर वाइनरी भराभर निघाल्या. 2008च्या मंदीत माल पडून राहिला आणि करारावर लावलेल्या वाइनच्या बागा अनेकांनी उपटल्या. नारायणगावची चौगुल्यांची कंपनीही कर्जात बुडाली. नुकसान सोसलं ते ज्यांनी विश्वासानं द्राक्ष लावलं त्यांनी.

म्हणून झरीत वाइनची बाग लावा, असं मी कुणाला सांगणार नाही. अक्षांश तोच असला तरी नाशिक 600 मीटरच्या आसपास उंच आहे, परभणी 350च्या आसपास. आमच्याकडं कडाक्याची थंडी पडते, पण ती थोडे दिवस टिकते, आणि फेब्रुवारी सरत नाही तोच ऊन चटके देऊ लागतं.