ब्रेक ऑईलची तहान

लोणावळ्याहून बोरघाट उतरून गाडी खोपोलीत पोचते, तोवर ती साधारण साडेपाचशे मीटर खाली आलेली असते. याच उतारावरून नळांतून पाणी खाली सोडून खोपोलीच्या टाटा वीजघरात १९१५ पासून वीज तयार होते आहे. उतार पाण्याला जी ऊर्जा देतो तीच गाडीलाही देतो, पण गाडीला ती वाटेतच जिरवावी लागते. हजार किलोच्या गाडीचा हिशेब मांडला, तर या ऊर्जेवर अठरा लिटर पाण्याला उकळी येईल! त्यातली थोडी हवेत जाते, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन पेलतं. उरलेली सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते.

ती उष्णता ब्रेक पॅडमधून पिस्टनमागच्या ब्रेक ऑईलपर्यंत पोचते, आणि खरी गंमत तिथे आहे. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. आणि बंद भांड्यात त्याचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे शास्त्रज्ञ पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. आपल्या पायाचा जोर चारही चाकांपर्यंत जातो तो एवढ्या एका नियमावर. पॅड डिस्कपासून मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर असतात, त्यामुळे पेडल दाबल्यावर नळ्यांतून सरकणारं ऑईल जेमतेम काही मिलिलिटर असतं. म्हणजे तेवढ्याच आकाराचा बुडबुडा आत असला, की तोच दाबला जातो, पाय खाली जातो आणि गाडी पुढेच जात राहते.

बुडबुडा येतो कुठून? पाण्यातून. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑईल ग्लायकॉल जातीच्या रसायनांचं असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. रबरी होजमधून, ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणातून ओल हळूहळू आत झिरपते. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट तर दाराशीच. ओल आणि उष्णता, दोन्ही एकाच गाडीच्या वाट्याला येतात. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. अर्ध्या लिटरमागे हे पाणी चार चमचेही भरत नाही. आणि एका थेंबाची वाफ मोकळ्या हवेत ऐंशी मिलिलिटरच्या आसपास जागा व्यापते! घाट संपून ब्रेक थंड झाले की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल घट्ट लागतं, आणि मघाशी काही झालंच नव्हतं असं वाटतं. म्हणूनच हा दोष फसवा.

पण ही तहान गुणाचीही आहे. पाणी न शोषणारं सिलिकॉनचं ऑईलही मिळतं. त्यात शिरलेलं पाणी वेगळंच राहतं, सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकापाशी पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या कॅलिपरमध्ये साचतं, तिथे गंज धरतं आणि शंभर अंशांच्या आसपास उकळायला लागतं. ग्लायकॉल ते पाणी स्वतःत विरघळवून सगळीकडे वाटून टाकतं. त्याच्या मोबदल्यात दर दोन वर्षांनी ते बदलायचं, एवढंच.

हे काम घरच्या अंगणात दोघांना जमतं. जमीन सपाट हवी आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकवलेली हवी. टाकीतलं जुनं ऑईल सिरिंजने काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं नवं, सीलबंद डब्यातलं भरा. कोणत्या चाकानंतर कोणतं घ्यायचं तो क्रमही पुस्तिकेतूनच घ्या, तो गाडीगणिक वेगळा असू शकतो. कॅलिपरमधलं ऑईल बाहेर सोडणाऱ्या निपलवरची रबरी टोपी काढून आधी रिंग पाना बसवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑईलमध्ये बुडलेलं ठेवा. आत बसलेल्याला सांगा, “दाब आणि धरून ठेव.” निपल पाव फेरा सैल करा. कोऱ्या चहासारखं काळपट ऑईल नळीत सरकतं, मधूनच एखादा बुडबुडा चमकून जातो, आणि पेडल तळाला जातं. निपल आधी आवळा, मगच “सोड” म्हणा, नाहीतर हवा उलटी आत ओढली जाईल. नळीत फिकट, स्वच्छ ऑईल दिसेपर्यंत हेच करत राहा. टाकीतली पातळी मात्र खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

रंगावर सांडलेलं ऑईल लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. जुनं ऑईल गटारात किंवा शेतात ओतू नका. डब्यात बंद करून गॅरेजला द्या.

शेवटी इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल किंवा मऊ लागत असेल, तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला बोलवा. घट्ट लागलं तरी आधी सपाट रस्त्यावर सावकाश तपासा. घाट त्यानंतर, आणि तोही खालच्या गिअरमध्ये उतरा.