आमच्या मताचे मोल

मत देण्याची हौस आमच्या घराण्यात सगळ्यांनाच आहे. नाटक कसे वठले, आमटीत गूळ किती पडला, समोरच्यांनी गच्चीवर घातलेला पत्रा योग्य की अयोग्य, या सर्व विषयांवर आमची मते तयार असतात आणि ती आम्ही आजवर फुकट वाटत आलो. त्यामुळे गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास डोंबिवलीहून मावशीचा फोन आला आणि "अरे, आता मत दिल्याचे पैसे मिळतात म्हणे!" असे ती म्हणाली, तेव्हा आमच्या घराण्याचे भाग्य उजळण्याची वेळ आली असे मला वाटले.

मावशी अडुसष्ट वर्षांची. काका गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगा परगावी. "पेन्शनीत भागतं रे," ती म्हणाली, "पण नातीला दिवाळीला काही घ्यायचं तर लेकालाच 'पैसे पाठव' म्हणावं लागतं. त्याच्याच पैशानं त्याच्या मुलीला भेट! तू मराठीचा प्राध्यापक, तेवढे प्रश्न समजावून दे."

त्या रविवारी मी गेलो. तिच्या मोबाईलवर सर्वेक्षणाचे एक खाते उघडून दिले आणि परतताना गाडीत स्वतःचेही उघडले. कुतूहल होतेच, पण घराच्या कर्जाचा हप्ताही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

सर्व्हे म्हणजे पूर्वी कसा असे, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खांद्याला झोळी आणि हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद घेऊन एखादा होतकरू तरुण दारी येई. कोणता साबण वापरता, महिन्याला चहा किती लागतो, असे विचारी. आपण त्याला पाणी देत असू, आई कधी चहाही देई. पगार त्याला मिळे, उत्तरे आपण फुकट देत असू. सरकारची राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. तिची माणसेही अशीच घरोघर जात. आता बाजाराच्या पाहणीतला तो तरुण पुष्कळ ठिकाणी गळला. त्याचे टिपून घेण्याचे काम आपणच आपल्या अंगठ्याने करतो आणि त्याच्या मजुरीतला एक बारीकसा तुकडा आपल्याकडे येतो. तो किती बारीक, ते मी वहीत मांडले आहे.

पहिल्याच दिवशी मला बारा सर्व्हे आले. मी हरखलो. पहिल्यात वय विचारले, शहर विचारले, घरात काय काय आहे ते विचारले. पंखा आहे, गॅस आहे, फ्रिज आहे, धुण्याचे यंत्र आहे, मोटार नाही. सात-आठ मिनिटे इमानाने उत्तरे दिल्यावर पडद्यावर अक्षरे उमटली: क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. इतक्या वेळा नापास होण्याचा प्रसंग माझ्यावर विद्यार्थिदशेतही आला नव्हता.

यामागचे शास्त्र पुढे वाचून कळले. एखाद्या कारखानदाराला नवा साबण काढायचा असतो. त्याला दोनशे तरुण गृहिणी, शंभर नोकरदार पुरुष अशी मोजून माणसे हवी असतात. तो वाटा भरला की पुढच्याला दार बंद. घरातल्या वस्तू विचारण्यामागेही चौकसपणा नाही. आपल्याकडच्या बाजार-संशोधकांनी २०११ साली कुटुंबांची प्रतवारी करण्याची नवी पद्धत आणली. घरातल्या मुख्य मिळवत्या माणसाचे शिक्षण आणि अकरा ठरीव वस्तूंपैकी घरात किती आहेत, या दोनच गोष्टींवर ती उभी आहे. वीज, पंखा, गॅस यांच्यापासून मोटार आणि शेतजमिनीपर्यंतच्या त्या अकरा वस्तू. माणसाची पत्रिका मांडावी तशी घराची पत्रिका. आमच्या पत्रिकेत मोटारीचे घर रिकामे, म्हणून मोटारीच्या तेलाविषयी आमच्या मताला किंमत नाही. यात अन्याय काही नाही. फक्त पात्र नाही हे ठरेपर्यंत जी आठ मिनिटे गेली, ती कोणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत.

प्रश्नांची मराठी तर विचारू नका. "आपण हा ब्रँड मित्रास शिफारस होण्याची किती शक्यता आहे?" कागद असता तर मी लाल शाईने गोल केला असता! मधूनच "या ओळीत 'असहमत' निवडा" अशी आज्ञा येई. उत्तर देणारा जागा आहे की नुसतीच बोटे चालवतो आहे, हे तपासण्याची ती युक्ती. एकदा मी प्रश्नाचे व्याकरण मनात सुधारण्याच्या नादात ती आज्ञा चुकलो आणि वीस मिनिटांचे काम बाद झाले.

आता वही. तीन महिन्यांत मी एकशे अठरा सर्व्हे उघडले, त्यांतले एकोणचाळीस पुरे झाले. वेळ गेला सत्तेचाळीस तास. रुपयाला एक गुण या हिशेबाने मिळाले ६४० गुण. म्हणजे तासाला चौदा रुपयेसुद्धा नाहीत. पुन्हा ५०० गुण झाल्याखेरीज काही हाती येत नाही. आणि आले ते रोख नव्हे, एका दुकानाची कूपने. उरलेले १४० गुण मुदत संपल्यामुळे गेले. बदल्यात मी काय दिले? जन्मतारीख, उत्पन्न, कर्ज, आईचा मधुमेह, आणि पुढच्या वर्षी काय काय घेण्याचा विचार आहे तो. माझी बायको वही पाहून म्हणाली, "एवढ्या वेळात माळा तरी आवरून झाला असता."

तरी त्या संस्थेला मी लबाड म्हणणार नाही. तिने कबूल केले तेवढे दिले. घोटाळा पुढे होतो. तासाला चौदा रुपयांना वैतागलेल्या माणसाला कोणी पाचशे दाखवले की तो "एवढे कसे?" असे विचारत नाही, "अखेर खरी जागा सापडली" असे म्हणतो.

स्पीक एशिया ऑनलाइन या सिंगापूरच्या कंपनीचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. २०१० साली ती आपल्याकडे पसरली. ११,००० रुपये वार्षिक वर्गणी भरायची, आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकाचे ५०० रुपये. वर्षाचे बावन्न हजार! शिवाय नवा सभासद आणला तर त्याचे वेगळे. लाखो माणसे आत गेली. २०११ साली ज्या मोठ्या कंपन्या ग्राहक म्हणून सांगितल्या जात होत्या, त्यांतल्या काहींनी आपला संबंध नाकारला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, पैसे थांबले. नव्या सभासदांच्या वर्गणीतून जुन्यांना पैसे दिले जात होते, असा आरोप झाला. असा व्यवहार आपल्याकडे १९७८ च्या कायद्यानेच बंद केलेला आहे. मला यात विलक्षण वाटते ते निराळेच. पैसे अडकलेले हजारो सभासद संघटना करून कंपनीच्याच बाजूने उभे राहिले. काही सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. कंपनी बुडाली तर आपले बुडाले, हे भय त्यामागे होते. आणि आपणच ज्या मेव्हण्याला, शेजाऱ्याला आत घेतले त्याला तोंड कसे दाखवावे, हेही असणार.

तिथे कोणालाच "आपण पात्र नाही" असे सांगितले जात नव्हते. अकरा हजार भरले की चांभारापासून चार्टर्ड अकाउंटंटपर्यंत प्रत्येक जण प्रत्येक प्रश्नाला पात्र! ज्याला खरोखर उत्तर हवे असते तो निवड करतो, माणसे परत पाठवतो. जो कोणालाच परत पाठवत नाही, त्याला आपले उत्तर नकोच असते. हे मला उमगले, पण मावशीला सांगायला उशीर झाला.

माघात तिला टेलिग्रामवर एक गोड बोलणारी मुलगी भेटली. सर्वेक्षणाच्या कंपनीतूनच बोलते म्हणाली. हॉटेलांना तारे द्यायचे, दर वेळी पन्नास रुपये. पहिल्या संध्याकाळी दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. मग हजार भरा, तेराशे मिळतील; तेही मिळाले. मग पाच हजार. ते पडद्यावर साडेसहा झाल्याचे दिसत होते, पण काढायचे तर "तुमच्याकडून चूक झाली, अठ्ठावीस हजार भरून काम पुरे करा." मावशीने भरले. मग कर म्हणून आणखी मागितले, तेव्हा तिच्याकडे नव्हते.

बारा दिवस ती कोणाशी बोलली नाही. तेरा दिवसांनी १९३० या क्रमांकावर तक्रार लिहवताना पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितले, की लगेच कळवले असते तर वाटेतल्या बँकांत रक्कम थांबवता आली असती. आता ती कुठल्या कुठे गेली असेल. "लगेच का नाही सांगितलंस?" मी जरा जोरातच विचारले. ती म्हणाली, "तू म्हणशील, मी शिकवलं ते एवढंच का कळलं? आणि पहिले पैसे तर खरंच आले होते रे. तुझ्यासारखेच."

यावर मला उत्तर नव्हते. कदाचित त्या मुलीला मावशीचा क्रमांक कुठून मिळाला हे कधीच कळणार नाही. पण 'एकटे राहता का?' या प्रश्नापुढे 'होय' मीच लावले होते, आणि खात्याशी बँक कशी जोडायची तेही मीच दाखवले होते.

मुलाला अजून सांगितलेले नाही. नातीला यंदा घरच्या घरी शिवलेला परकर-पोलका जाणार आहे. मावशीने जुन्या इरकलीचा पदर कापला. परवा मी ते जुने खाते बंद करायला मोबाईल मागितला, तर तिने तो पदराआड धरला.

"चारशे दहा गुण झालेत," ती म्हणाली. "नव्वदच कमी आहेत. तेवढे होऊ दे की."