निरोग्याने औषध का घ्यावे?

आरोग्यखात्याची माणसे हत्तीपायावरच्या गोळ्या घेऊन दारी येतात, तेव्हा उंबऱ्यावर त्यांना बहुधा एकच प्रश्न ऐकावा लागतो : "आम्हांला काय झाले आहे? आम्ही कशाला गोळ्या घ्यायच्या?" हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. औषध रोग्याने घ्यावयाचे, निरोग्याने नव्हे, असे आपण पिढ्यानपिढ्या समजत आलो आहोत. आम्हीही तसेच समजत होतो. एका वर्षी दारी आलेल्या आशाताईंना "जेवण झाल्यावर घेतो" असे सांगून आम्ही त्या गोळ्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या, आणि त्या खिशासकट धुण्यात गेल्या. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते उपदेशकाच्या नात्याने नव्हे, तर स्वतः चुकलेल्या माणसाच्या नात्याने.

प्रथम हा रोग शरीराच्या कोणत्या भागाचा, ते पाहू. नाव हत्तीपाय असले तरी मूळ दुखणे पायाचे नव्हे. शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज नळ्यांचे आणखी एक जाळे आहे. रक्तातील पाण्याचा काही अंश सूक्ष्म वाहिन्यांतून सतत बाहेर पाझरतो आणि पेशींच्या मधल्या जागेत साठतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात पोचवण्याचे काम ह्या दुसऱ्या नळ्या करतात. ह्या द्रवाला लसीका म्हणतात, व नळ्यांना लसीकावाहिन्या. त्यांच्या वाटेवर जांघेत, काखेत, मानेत गाठी असतात. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते, ते ह्याच गाठी सुजल्यामुळे. धानाच्या बांधीत पाणी फार झाले की शेतकरी त्याला वाट काढून देतो. ती वाट बुजली तर बांधी तुंबते. शरीराचेही तसेच आहे. लसीकेची वाट बिघडली की पाय तुंबतो, अंडवृद्धी होते, कधी हात किंवा स्तन सुजतो.

ही वाट बिघडवतो तो एक कृमी. आपल्याकडे आढळणाऱ्या मुख्य जातीला 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' असे लांबलचक नाव आहे. त्यातले पहिले नाव ब्राझीलमध्ये शोध घेणारे डॉक्टर वुचरर ह्यांचे, दुसरे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बँक्रॉफ्ट ह्यांचे. कृमीची मादी दोऱ्यासारखी बारीक आणि आठ-दहा सेंटिमीटर लांब असते. नर तिच्या निम्मा. ही जोडपी लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे संसार करतात. त्यांची असंख्य सूक्ष्म पिल्ले रक्तात उतरतात. माणसाच्या रक्तातील ही पिल्ले १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस ह्यांनी ओळखून प्रसिद्ध केली. आपल्या भागात ती दिवसा फुप्फुसाच्या वाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, क्युलेक्स डासांच्या चावण्याच्या वेळी, हातापायांच्या रक्तात येतात. म्हणूनच ह्या रोगाचा रक्तनमुना घेण्यासाठी कर्मचारी रात्री येतात.

१८७७ साली चीनमधील आमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी ही पिल्ले डासाच्या पोटात वाढताना पाहिली. डासाच्या अंगी त्यांची वाढ होते, संख्या मात्र वाढत नाही. डास हा केवळ हमाल. आणि ह्या जातीचा कृमी माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात घर करीत नाही. ह्या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात, कारण सबंध औषधयोजना त्यांच्यावरच उभी आहे. माणसांच्या रक्तातून पिल्ले नाहीशी झाली, तर डासाला वाहून न्यायला काही उरतच नाही.

ती नाहीशी करणारे औषध १९४७ साली पुढे आले. त्याचे नाव डायइथिलकार्बामाझीन, संक्षेपाने डीईसी. बाजारातले नाव हेट्राझान. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते तयार झाले, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ते निवर्तले. १९५५ साली भारताने हत्तीरोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हेच औषध हाताशी होते.

त्या काळची रीत अशी : रात्री रक्त तपासावयाचे, ज्याच्या रक्तात पिल्ले सापडतील त्याला बारा दिवस औषध द्यावयाचे. रीत तर्कशुद्ध होती. पण गावोगाव रात्री किती जणांचे रक्त तपासणार? शिवाय रक्तात पिल्ले असलेल्या पुष्कळांना कसलाही त्रास होत नाही. पाय सडपातळ, प्रकृती ठणठणीत, आणि रक्तातून मात्र डासाला रोज रात्री शिधा मिळतो! दारात "आम्हांला काय झाले आहे?" असे विचारणारा कदाचित तोच असतो. पुढे असे दिसून आले की, वर्षातून एकदाच दिलेली मात्राही पिल्लांची संख्या पुष्कळ काळ खाली ठेवते. म्हणून रोगी निवडीत न बसता वस्तीतल्या सर्वांना एकाच वेळी औषध देण्याची पद्धत आली. भारतात ती २००४ पासून देशव्यापी झाली. २००७ पासून डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आले. तिसरे औषध आयव्हरमेक्टिन. जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले, आणि त्यासाठी ओमुरा व कॅम्पबेल ह्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिन्ही औषधे एकत्र देण्याची पद्धत आपल्या राज्यात २०१९ साली नागपूर जिल्ह्यात सुरू झाली.

आता कोणी म्हणेल, एकदा घेतले की पुरे, पुन्हा दर वर्षी कशाला? उत्तर कृमीच्या आयुष्यात आहे. ही औषधे पिल्लांचा फडशा पाडतात. जुनी जोडपी मात्र सगळीच मरत नाहीत, ती पुन्हा वीण सुरू करतात. ती म्हातारी होऊन मरेपर्यंत पिल्लांना रक्तात टिकू द्यावयाचे नाही, हा ह्या योजनेचा डाव. म्हणून जुन्या दोन औषधांच्या पद्धतीत निदान पाच वर्षे, आणि दर वर्षी वस्तीतील शेकडा ६५ तरी माणसांनी गोळ्या गिळल्या पाहिजेत असा हिशेब आहे. गिळल्या पाहिजेत असे म्हटले. घेतल्या पाहिजेत असे नव्हे. आमच्या खिशातल्या गोळ्या वाटपाच्या वहीत चढल्या होत्या, पण डासाला ती वही वाचता येत नाही.

गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर येते, आणि मग "औषध बाधले" अशी आवई उठते. हा त्रास बहुधा मरणाऱ्या पिल्लांमुळे होतो आणि एकदोन दिवसांत जातो. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याच्या रक्तात बहुधा शत्रू होता. त्रास फार वाटला तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे ह्यांना त्या देत नाहीत.

औषधाचे गुण सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई होत्या. त्यांचा उजवा पाय वर्षानुवर्षे सुजलेला. त्यांनी एकदा विचारले, "भाऊ, ह्या गोळ्यांनी माझा पाय उतरेल काय?" आम्हांला "नाही" म्हणावे लागले. वाहिन्या एकदा बिघडल्या की वाटपाच्या गोळ्या त्या पूर्ववत करू शकत नाहीत. पण अशा पायाला उपाय नाही असे मात्र नव्हे. वारंवार येणारा ताप आणि पायाची आग ही बहुधा बोटांच्या बेचक्यांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे असते. त्यावर जंतुनाशक औषधे चालतात. पाय रोज साबणपाण्याने हळुवार धुवावा, बेचके कोरडे करावे, भेगांना मलम लावावे, बसताना-निजताना पाय उंच ठेवावा. एवढ्याने तापाचे फेरे कमी होतात आणि सूज वाढण्याचे थांबते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. तिची लाज धरू नये. त्या बाईंनी आमचे "नाही" ऐकून घेतले, आणि तरीही आपल्या वाटच्या गोळ्या आशाताईंसमोरच गिळल्या. "माझा झाला तो झाला, नातवाचा होऊ नये," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या धुतलेल्या सदऱ्याची आठवण त्या वेळी आम्हांला फार बोचली.

हा रोग हटतो, ह्याला दाखले आहेत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो संपला, असे जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका व मालदीवबद्दल २०१६ मध्ये, थायलंडबद्दल २०१७ मध्ये आणि बांगलादेशाबद्दल २०२३ मध्ये मान्य केले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या आपल्या जिल्ह्यांची नावे ह्या रोगाच्या यादीत वर्षानुवर्षे आली आहेत. ती तेथून पुसण्याचे काम एकट्या सरकारी खात्याकडून होणारे नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे : निरोग्याने औषध घ्यावयाचे, कारण आपण निरोगी आहोत की नाही हे आपल्याला ठाऊक नसते, आणि खरोखरच निरोगी असलो, तरी पुढे तसेच राहावयाचे असते. पुढल्या खेपेस आशाताई दारी येतील, तेव्हा जेवून तयार असावे, तांब्याभर पाणी घ्यावे आणि गोळ्या त्यांच्या देखत गिळाव्यात. आम्ही आता तसेच करतो.